पोटातल्याचा वाटा

तलासरी
८ जुलै २०२४

गुरुजी,

पाया पडते. मी हर्षदा वरठा, झरीच्या शाळेतली. चौथीत खिडकीपाशी बसायचे आणि कविता म्हणायला उभं केलं की मला रडू यायचं. तुम्ही मग मला फळा पुसायला लावायचे आणि पाठमोरीच म्हणायला सांगायचे. त्यावरून ओळख पटेल.

आधी फोनच केला होता. तुमच्या सूनबाई म्हणाल्या, त्यांना फोनवरचं ऐकू येत नाही, तू पत्र टाक, पत्र आलं की चार दिवस घरात शांतता असते. म्हणून लिहायला बसले.

मी आता मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. घर सुटलेली, शाळा सुटलेली, फार मार खाणारी मुलं आमच्याकडे येतात. त्यांच्या घरी जायचं, घरच्यांशी बोलायचं, मूल शक्यतो घरीच कसं राहील ते बघायचं, असं काम. सध्या एका मुलाने माझी झोप उडवलीय. तुषार. झरीच्या वरच्या पाड्यातला, आपल्या रूपीचा. रूपी आठवते ना? माझ्याहून दोन वर्षं पुढे होती. तुम्ही तिला कवितेला नेहमी पहिली उभी करायचे.

तुषार नऊ वर्षांचा आहे, दिसतो सहा-सात वर्षांचा. सांगितलेलं ऐकतो, हो म्हणतो, आणि पाठ फिरेपर्यंत विसरतो. दप्तर आणायला पाठवला तर ओढ्यावर सापडतो. दुसऱ्याची वस्तू उचलतो आणि लपवतही नाही, हातात घेऊन त्याच्याचसमोर फिरतो. मार खाल्ला तरी उद्या परत तेच. माणसं जमली की कान दाबून किंचाळतो. मागच्या महिन्यात त्याने शेजाऱ्यांच्या बकऱ्या सोडून दिल्या. पाडा म्हणतोय, ह्याला लांब कुठे निवासी शाळेत टाका. त्याचा बाप दिपक उंबरगावला कारखान्यात जातो, तोही आता कंटाळून तयार झालाय. तसं झालं तर हा मुलगा तिथे आठवडाभरही टिकणार नाही. पळून जाईल, आणि परतीची वाट त्याच्या लक्षात राहणार नाही.

डहाणूला ज्या डॉक्टरीणबाई येतात त्यांनी त्याला नीट तपासलं. आई गरोदर असताना तिच्या पोटात दारू गेली तर काही मुलांच्या मेंदूची घडण वेगळी होते, असं त्या म्हणतात. ती मुलं मुद्दाम करत नाहीत, त्यांना जमतच नाही. त्यांच्याशी वेगळ्या रीतीने वागलं तर ती घरात, शाळेत राहू शकतात. पण हे रक्त तपासून कळत नाही. आईने सांगावं लागतं. मी रूपीला तीनदा विचारलं, डॉक्टरीणबाईंनी दोनदा. ती म्हणते, दारूला मी कधी बोट लावलं नाही. गुरुजी, ती खोटं बोलत नाही हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळतं. आणि तरी मुलगा असा आहे.

तुमच्याशी ती बोलेल. एकदा जाऊन याल का?

तुमची,
हर्षदा


चिखले
२४ जुलै

बाळ हर्षदा,

फळा पुसत पुसत कविता म्हणणारी मुलगी मी विसरेन होय? तुझा आवाज फळ्यावर आपटून वर्गात यायचा आणि खडूची धूळ त्यात मिसळायची. मला ते फार आवडायचं. इथे सुरूच्या बनात संध्याकाळी वारा सुटला की मला अजून वाटतं, पलीकडे माझा वर्ग बसलाय आणि सगळी मुलं एकाच वेळी दुसरं कडवं सुरू करताहेत. सूनबाई म्हणते, बाबा, वारा आहे तो, आत या.

झरीला जाऊन आलो. तलासरीपर्यंत एसटी, पुढे टमटम. टमटमवाला माझाच विद्यार्थी निघाला, पैसे घेईना. मी म्हटलं, तू पाढे कधी पाठ केले नाहीस, निदान हिशोब तरी चोख ठेव. मग हसून घेतले.

रूपीच्या घरात तिची सासू हिरी आहे. हिरीचा नवरा काळ्या जाऊन पाच वर्षं झाली. कुडाच्या भिंती, सारवलेली ओटी, ओटीवर ती तांदूळ पाखडत बसलेली आणि तिच्या पाठीला पाठ लावून तुषार. बोलत नव्हता. आजी हलली की हा हलायचा. मला तिने नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी वाढली. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि म्हटलं, हिरीबाय, अशी भाकर मला चिखल्यात मागूनही मिळत नाही. ती खूश झाली. तुषार उठून भलतीकडे निघाला तर तिने हाक मारली नाही, ओरडली नाही. नुसतं दंडाला धरून त्याला परत पाठीशी बसवलं. जसं एखाद्याने कवितेतला निसटलेला शब्द उचलून जागेवर ठेवावा.

निघताना रूपी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी दारूचं नाव काढलं नाही. बाळ, तुम्ही दोघींनी तिला जे विचारलंत त्याचं उत्तर तिने खरंच दिलं होतं. त्या भागात सदतीस वर्षं काढली म्हणून मला सुचलं. मी विचारलं, तुषारच्या वेळी ताडी प्यायचीस का?

ती हसली. म्हणाली, "ताडी तर सगळेच पितात, गुरुजी. ती काय दारू हाय?"

आणि दोन पावलं पुढे गेल्यावर थांबली.

काळ्याचे दोन ताड होते. तो उतरवून आणायचा, हिरी सुक्या पोकळ भोपळ्यात भरून ठेवायची. रूपीला दिवस गेले ते ताडी सुरू होण्याच्या सुमारास, आणि ताडी संपली तेव्हा तिला सातवा सरत आला होता. हिरी रोज सकाळी भोपळ्यातली ताडी आधी भुईवर चार थेंब सांडायची, मग रूपीला लोटाभर द्यायची, आणि तो संपला की आणखी अर्धा लोटा ओतायची. म्हणायची, "यो पोटातल्याचा वाटा." ताडीने अंगात थंडावा येतो, मूल गोरं होतं, दूध उतरतं, असं हिरीला तिच्या आईने सांगितलेलं. सकाळची ताडी गोडसर असते. पण संध्याकाळपर्यंत ती आंबून चांगली चढते आणि रूपीला संध्याकाळीही मिळायची, कारण सून दमून आलेली असायची. किती माया होती त्या अर्ध्या लोट्यात! मला टमटममध्ये बसल्यावर डोळे पुसावे लागले.

रूपीला सगळं रस्त्यातच उमगलं. ती रडली नाही. तिने माझा हात धरला आणि सासूबद्दल एवढंच म्हणाली, "आयला सांगू नका. तिला कळला तर ती पोऱ्याला हात लावायची नाय. मग तो कोनाचा?"

मी तिला शब्द दिला आहे, माझ्याकडून आणि तुझ्याकडूनही. डॉक्टरीणबाईंना सांग, त्याशिवाय आणखी कुणाला नको. हिरीच्या कानावर हे कधीही जाता कामा नये. तुषारचं सगळं जग त्या बाईच्या पाठीवर टेकलेलं आहे.

तुझा,
हरेश्वर राऊत गुरुजी


तलासरी
१९ ऑगस्ट

गुरुजी,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं! आमच्या कार्यालयात असं कुणाला लिहिता येत नाही. आम्ही लिहितो, 'घरभेट दिली, समुपदेशन केले.'

डॉक्टरीणबाईंना ताडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी इतकी वर्षं प्रश्नच चुकीचा विचारत होते. आता त्यांना निदानाबद्दल बरीच खात्री आहे. दिपकला आम्ही फक्त एवढंच सांगितलं, की मुलाच्या मेंदूची घडण जन्मापासून वेगळी आहे, तो हट्टी नाही, दिवाळीपर्यंत थांब. तो थांबलाय.

काय काय बदललं ते सांगते. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. रोज सगळं त्याच क्रमाने करायचं. चुकलं की मारायचं नाही, हाताला धरून परत करून दाखवायचं, उद्या परत, परवा परत. भिंतीवर मी चित्रं चिकटवली: तोंड धुणं, भाकर, दप्तर, वाट. गर्दी झाली की त्याला मागच्या पडवीत न्यायचं. शाळेतल्या बाईंनी त्याला दाराजवळची जागा दिलीय, गोंगाट वाढला की तो बाहेर जाऊन झाडाला टेकतो आणि आपणहून परत येतो.

हे सगळं सर्वांत लवकर कुणी उचललं असेल तर हिरीआजीने. मी सांगायच्या आधीपासून ती निम्मं करतच होती. चित्रं बघून मला म्हणाली, "भाकर अशी गोल काढतात व्हय? ही तर पुरी हाय." कागद सोलून तिथे भिंतीवर कोळशाने स्वतः काढली.

एक मागते. चित्रांबरोबर म्हणायला काही चालीत बसेल असं लिहून द्याल का? बोललेलं त्याच्या लक्षात राहत नाही, पण आजी गुणगुणते ते राहतं.

आणखी एक बातमी. सप्टेंबरच्या शेवटी तलासरीत अंगणवाडीच्या बायका, वसतिगृहांतल्या ताई, आमचे कार्यकर्ते, सगळ्यांना एक दिवस बोलावलंय. पोटातच दारू लागलेल्या मुलांना ओळखायचं कसं आणि सांभाळायचं कसं, यावर. बोलायचं मला आहे. नऊवारी नेसून पळायला सांगितल्यासारखं वाटतंय.

तुमची,
हर्षदा


चिखले
३० ऑगस्ट

बाळ हर्षदा,

घे, चाल हिरीलाच लावू दे:

एक झालं, एक करू,
घागरीशी तोंड धुऊ.
एक झालं, एक करू,
आजीपाशी भाकर खाऊ.
एक झालं, एक करू,
दप्तर पाठी, वाट धरू.

कविता म्हणून यात काही नाही, पण प्रत्येक ओळीला एकच काम दिलंय. शिक्षणाधिकाऱ्यांसमोर मी कधी असं काही म्हटलं नसतं, पण तुला सांगतो, आयुष्यभर मुलांकडून मोठमोठी कडवी पाठ करून घेतली, आणि सहा ओळी अशा लिहिताना जितका घाम आला तितका कधी आला नव्हता.

भाषणाची भीती बाळगू नकोस. फळ्याकडे तोंड करून बोल, असं म्हणणार होतो, पण आता तू मोठी झालीस. माणसं नियम विसरतात. त्यांना गोष्ट सांग. गोष्ट राहते.

मी येऊन मागच्या रांगेत बसलो असतो. पण ऐकू येणार नाही आणि मी भलत्याच ठिकाणी मान डोलवेन.

तुझा,
गुरुजी


चिखले
२१ ऑक्टोबर

श्रीमती हर्षदा वरठा यांस,

सप्टेंबरात आपले भाषण झाले. त्यानंतर आपले पत्र नाही. मी समजत होतो, कामात असाल.

काल रूपी माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. झरीहून चिखल्यापर्यंत ती एकटी आली होती. सूनबाईने पाणी दिले, घेतले नाही. बस म्हटले, बसली नाही. तिने मला जे सांगितले ते इथे लिहितो, म्हणजे आपल्यालाही ते एकदा वाचावे लागेल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिपकची बहीण पुष्पा, जी गंजाडला दिली आहे आणि तिथे अंगणवाडीत मदतनीस आहे, ती झरीला आली. ओटीवर सगळ्यांसमोर आईला म्हणाली, की तू सुनेला ताडी पाजून पाजून नातवाचे डोके बिघडवलेस, आणि हे आता तलासरीत सगळ्या बायकांना माहीत आहे. हिरीने रूपीकडे पाहिले. रूपी खाली बघत राहिली. हिरीला तेवढ्यात कळले, की सुनेला हे आधीपासून ठाऊक होते.

हिरीने आपले लुगडे गुंडाळले आणि पुष्पाच्या मागोमाग गंजाडला निघून गेली. तुषार तिच्यामागे रस्त्यापर्यंत धावला. तिने त्याला हात लावला नाही.

त्या दिवसापासून तो तोंड धूत नाही. भिंतीवरची भाकर त्याने नखांनी खरवडली. शाळेत जात नाही. रूपी ते गाणे म्हणायला लागली की तिच्या तोंडावर हात दाबतो. दोनदा गंजाडच्या वाटेला लागला आणि दोन्ही वेळा भलत्याच गावात सापडला. दिपकने निवासी शाळेत नाव घातले आहे. दिवाळी झाली की नेऊन सोडणार.

रूपी जाताना मला म्हणाली, "गुरुजी, मी तुमाला सांगितला. तुमी कोनाकोनाला सांगितला?"

उत्तर आपल्याकडे आहे. ते आपण द्यावे.

हरेश्वर राऊत


तलासरी
२६ ऑक्टोबर

गुरुजी,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही मला श्रीमती लिहिलंत.

मी रूपीचं नाव घेतलं नव्हतं, झरीचंही नाही. मुलाची मुलगी केली, सासूची मावशी केली, गाव जव्हारकडचं सांगितलं. आमच्या कामाचा पहिला नियमच तो आहे. त्या दिवशी मी फळ्यावर तीनदा लिहिलं, 'आईला दोष द्यायचा नाही', आणि सगळ्यांकडून म्हणून घेतलं.

इतकं बदलल्यावर कुणी ओळखणं शक्य नव्हतं. पाड्यात अशा गोष्टी पसरायला कितीसा वेळ लागतो? रूपीच कुणापाशी बोलली असेल. माणूस एकदा बोलला की त्याला दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं.

मी दिपकला भेटून निवासी शाळेतला प्रवेश थांबवायचा प्रयत्न करतेय. तो मला दारातही उभी करत नाही.

तुमची,
हर्षदा


चिखले
४ नोव्हेंबर

श्रीमती हर्षदा वरठा यांस,

मुलाची मुलगी केलीत, झरीचे जव्हार केलेत. भुईवर सांडलेले चार थेंब बदललेत का? अर्धा लोटा बदललात का? 'पोटातल्याचा वाटा' हे शब्द बदललेत का?

पुष्पाचे पहिले बाळंतपण, रूपी सांगत होती, आईकडेच झाले. तिलाही हिरीने रोज तोच अर्धा लोटा त्याच शब्दांनी दिला होता. ते शब्द त्या घरातले आहेत. शेजारच्या घरातही कुणी ते म्हणत नाही. रूपीने ते मला दिले आणि मी आपल्याला पाठवले, कारण मला ते सुंदर वाटले.

आपण रूपीवर ढकललेत, ते मी दोनदा वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले.

ह. रा.


तलासरी
९ नोव्हेंबर

गुरुजी,

खरं लिहिते. मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं.

सकाळी मी नियम सांगत होते तेव्हा मागच्या दोन रांगा जांभया देत होत्या. एक ताई चक्क भेंडी चिरत होती, पिशवीत घालून आणलेली. मग मला तुमचं आठवलं, गोष्ट सांग. मी भुईवरच्या थेंबांपासून सुरू केलं. तुमच्या पत्रातले शब्द मला पाठ होते, जसेच्या तसे तोंडून यायला लागले. भेंडी चिरणारी थांबली. बायका रडल्या. शेवटी टाळ्या वाजल्या, गुरुजी. आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांकडे तोंड करून बोलले आणि मला रडू आलं नाही.

चहाच्या वेळी पुष्पा माझ्याजवळ आली. ती तिथे आहे हे मला सकाळपासून माहीत होतं, तिने सही केली तेव्हाच मी बघितलं होतं. तिने हळूच विचारलं, "ही आमची रूपी ना?" मी नाही म्हणू शकले असते. एक शब्द लागला असता. पण मी अजून त्या टाळ्यांतच होते. मला वाटलं, ही कळती बाई आहे, अंगणवाडीत काम करते, हिला कळलं तर घरात मदतच होईल. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बोलले काहीच नाही. तिला तेवढं पुरलं.

ती म्हणाली, मलापण आईने तेच पाजलं, माझी पोर तर पहिली येते. मी सांगितलं, एखाद्या मुलाला लागतं, एखाद्याला नाही, आणि ते आधी ओळखता येत नाही म्हणून कुणीच घेऊ नये. ती ऐकत नव्हती. ती आईवर चिडली होती, की आपल्या पोरीवरही हा धोका आला असता. ते तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या दिवसानंतर तुम्हाला लिहायला कितीदा बसले. 'भाषण छान झालं' एवढं लिहिलं की पुढे हात चालायचा नाही.

मला श्रीमती म्हणा, आपण म्हणा. पण हिरीआजीकडे तुम्ही एकदा जा. दिपक पुढच्या सोमवारी तुषारला नेणार आहे. मी गेले तर दार लावून घेतील.

हर्षदा


चिखले
२६ नोव्हेंबर

हर्षदा,

मी गंजाडला गेलो होतो, आणि नंतर झरीलाही. दोन्ही लिहितो.

गंजाडला पुष्पाच्या घरामागे हिरी भाताचे भारे रचत होती. मला पाहून तिने काम थांबवले नाही. मी अंगणाच्या कडेला उभा राहिलो. बस म्हणाली नाही. मी वाटेत पुष्कळ शब्द जुळवले होते: की ताडी तू मायेने दिलीस, की तुझा दोष नाही, की अजाणता झालेले. पाठांतरासारखे म्हणायला लागलो. तिने दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला.

"ताडीचा ऱ्हाऊ द्या, गुरुजी. माझ्या आयसनं मना दिली, मी सुनेला दिली. ठावं असता तर दिली नसती. त्याचा मी काय ते सोसीन. पन तुमी माझ्या ओटीवर बसून दोन भाकरी खाल्ल्या, चांगली झाली म्हनालात."

मी म्हटलं, तेव्हा मला माहीत नव्हतं. निघाल्यावर रस्त्यात कळलं.

"मग फिरून का नाय आलात? रस्ता कवढा व्हता?"

हर्षदा, मला ह्या वयात कुणी असं उभं करून विचारलं नव्हतं.

मग ती भारा खाली ठेवून बोलली. म्हणाली, दोन महिने मी पोऱ्याला न्हाऊ घालायची आणि रूपी दारात उभी राहून बघायची. मना वाटायचा, बघते प्रेमानं. ती बाय तुमची, चित्रं लावून गेली, मना म्हनाली, आजी, तू तर सगळ्यांच्या वर शिकलीस. सगळे हसून बोलायचे माझ्याशी. "सगळ्यांना ठावं, नि मना वेडी ठेवली. नि सांगितला कोनी, तर माझ्या पोरीनं, चार मान्सांत, तोंडावर फेकून."

मी इतके दिवस तुझ्यावर चिडलो होतो. तू माझा शब्द मोडलास म्हणून. तो शब्द मुळात कुणाच्या विरुद्ध दिला होता, हे त्या अंगणात कळलं. रूपीला घाई होती, भीती होती, तिचं मी समजू शकतो. मी मात्र टमटममध्ये बसून हिरीच्या मायेवर डोळे पुसत होतो, आणि तिला कळता कामा नये असं तुला बजावून लिहीत होतो. तिला सांगितलं असतं तर ती मोडली असती, हे आपण तिघांनी ठरवलं. तिला विचारलं नाही.

तुझी सुटका करायला हे लिहीत नाही. पुष्पाच्या खांद्यावरच्या तुझ्या त्या हाताचं मला अजून वाईट वाटतं आणि वाटत राहील.

मी तिला सोमवारचं सांगितलं. एवढंच सांगितलं, ये म्हटलं नाही. ती म्हणाली, "बरा," आणि पुन्हा भारे रचायला लागली. मी परत आलो.

सोमवारी काय झालं ते रूपीने नंतर सांगितलं. दिपक मुलाला घेऊन निघणार, तर पत्र्याची पेटी सापडेना. हिरी तिच्यावर बसलेली होती, ओटीच्या टोकाला. पहाटेच कधीतरी आली होती. दिपक ऊठ म्हणाला, तर ती म्हणाली, मी तुझ्या बायकोसाठी आली नाय, तुझ्यासाठी पन नाय, तू कामाला जा. तुषार आतून आला आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसला. दिपक थोडा वेळ उभा राहिला आणि उंबरगावच्या गाडीला गेला. नाव काढून घेतलंय, हे तुला शाळेकडून कळलं असेलच.

पण घर पूर्वीसारखं नाही. हिरीने मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली आहे. रूपीच्या हातचं खात नाही, तिच्याशी बोलत नाही. मुलाचं सगळं करते. त्याला न्हाऊ घालताना गाणं म्हणते, आणि रूपी आता दारात उभी राहत नाही.

मी परवा गेलो तेव्हा ओटीवरच बसलो. मला भाकर मिळाली नाही, पाणी मिळालं. दुपारी हिरीने पडवीतून तुषारला काहीतरी सांगून रूपीकडे पाठवलं. बोलायचं नसलं की तिथे निरोप मुलांच्या तोंडीच जातात, हे तुला ठाऊक आहे. तो निघाला. मधल्या खोलीत आला आणि निरोप विसरला. तिथेच उभा राहिला. पुढे जाईना, मागे जाईना, दोन्ही हात कानांवर घेऊ लागला. पुढून रूपी आली, मागून हिरी आली. काय सांगितला, म्हणून रूपीने मुलाला विचारलं. त्याला कुठलं आठवायला? तिने मान वर केली आणि सासूला विचारलं.

हिरीने आधी मुलाचे हात कानांवरून खाली घेतले. मग मुलाच्या डोक्यावरून म्हणाली, "मीठ."

रूपीने मीठ आणून दिलं. संपलं. दोघी आपापल्या चुलीकडे गेल्या. मुलगा मध्ये होता तिथे खाली बसला. रूपी म्हणते, असं रोज दोनदा-तीनदा होतं. हिरीला माहीत आहे की तो विसरणार. तरी त्यालाच पाठवते.

निघताना हिरी मला म्हणाली, "यापुढं पोऱ्याचा काय कळला तर पयला मना सांगायचा. चांगला असो, वाईट असो." मी हो म्हटलं. तिने ते ऐकलं की नाही, सांगता येत नाही.

तू मला तिथे पुन्हा जायला सांगू नकोस. तुझ्यासाठी मी शब्द टाकणार नाही. माझा शब्द तिथे आता काही कामाचा राहिलेला नाही. पोटातच दारू लागलेली मुलं, त्यांचा मेंदू, ताडी कशी आंबते, पुष्पाच्या पोरीला का लागली नाही, पुढे ह्याला काय काय जड जाईल, हे सगळं तुला येतं. तलासरीत सगळ्यांना सांगितलंस. जिला सांगायला हवं होतं तिला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. जा आणि तिला सांग. गोष्ट करून सांगू नकोस. साधं सांग, ती विचारेल तेवढं सांग, आणि पुष्पाच्या खांद्यावर हात ठेवलास तेही सांग.

ती तुला बसायला सांगणार नाही. उभी राहा.

हरेश्वर राऊत